मागणी पोचली का? : सॉफ्टवेअरमधील एका मौनाची चिकित्सा

सरकारी कचेरीत अर्ज देताना आपण सवयीने दुसरी प्रत पुढे करतो आणि तिच्यावर आवक विभागाचा शिक्का मारून घेतो. त्या शिक्क्याला आपण ‘पोच’ म्हणतो. काम झाले असे पोच सांगत नाही. मागणी टेबलावर पोचली, एवढेच तिचे म्हणणे. तरीही ती हाती नसेल तर पुढचा सगळा पाठपुरावा लटका पडतो. या लेखात मला एका अशा व्यवहाराविषयी लिहायचे आहे, ज्यात न समजलेल्या मागणीला पोचही मिळत नाही आणि नकारही मिळत नाही. काम मात्र ‘झाले’ म्हणून परत येते. हा व्यवहार संगणकाच्या आत चालतो. बँकेच्या देवघेवीपासून मराठी मजकुरातल्या ‘ल’च्या वळणापर्यंत त्याचे परिणाम पोचतात, म्हणून साहित्याच्या वाचकापुढे तो मांडावासा वाटतो.

सॉफ्टवेअर लिहिणारे लोक प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाहीत. फाइल उघडणे, दुसऱ्या संगणकाशी बोलणे, तारीख छापणे अशी नेहमीची कामे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात आणि त्यातल्या एकेका कामाला फंक्शन. फंक्शनला काम सांगताना सोबत काही जादा सूचना जोडता येतात. त्या म्हणजे ऑप्शन. हॉटेलात ‘एक चहा’ म्हणणे ही फंक्शनला मारलेली हाक, ‘साखर कमी, आलं जास्त’ हे ऑप्शन. आता समजा, आपण ‘गवती चहा घालून’ म्हटले आणि त्या हॉटेलात गवती चहा ठेवतच नाहीत. वेटर ‘नाही’ म्हणेल, किंवा ‘काय?’ म्हणून परत विचारेल. कितीतरी नावाजलेल्या लायब्ररींमधली फंक्शने यांतले काहीच करत नाहीत. ती मान डोलावतात आणि साधा चहा आणून ठेवतात.

चहाचे पहिल्या घोटाला कळते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ‘समोरच्या यंत्राकडून पाच सेकंदांत उत्तर आले नाही तर वाट पाहू नकोस’ अशी सूचना ‘टाइमआउट’ या नावाने दिली जाते. ते नाव लिहिताना मधले एक अक्षर मोठ्या इंग्रजी लिपीत पडले आणि फंक्शनला ते नाव ओळखता आले नाही, तर रोजचे काम बिनबोभाट चालते, कारण समोरचे यंत्र रोज वेळेत उत्तर देत असते. ज्या दिवशी ते अडकते, त्या दिवशी आपला प्रोग्राम अनंतकाळ वाट पाहत बसतो. सूचना लिहिली गेली तो दिवस आणि ती पाळली जात नव्हती हे कळले तो दिवस, यांत वर्षे जाऊ शकतात.

माझा व्यवसाय अशा लायब्ररी वापरण्याचा आणि त्यांचे दस्तऐवज वाचण्याचा आहे. ते वाचता वाचता माझे असे मत झाले आहे, की हा प्रश्न जितका तांत्रिक आहे तितकाच भाषाव्यवहाराचाही आहे. इथे एक बोलणारा आहे, एक ऐकणारा आहे आणि दोघांमध्ये न लिहिलेला करार आहे. त्या कराराची समीक्षा करता येते, आणि ती करायला हवी.

दुर्लक्ष करायला आधी लक्ष जावे लागते

तांत्रिक दस्तऐवजांत या वागणुकीसाठी ‘दुर्लक्ष’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतात. मराठीत आपल्याकडे त्याच्या बारीक छटा आहेत. कानाडोळा करणे वेगळे, ऐकून न ऐकल्यासारखे करणे वेगळे, आणि कानावरच न पडणे अगदी वेगळे. पहिल्या दोहोंत आधी लक्ष जाते, मग ते काढून घेतले जाते. आपल्या फंक्शनांचा प्रकार बहुधा तिसरा असतो.

हे कसे घडते ते समजायला किराणा दुकानाची कल्पना पुरेशी आहे. एक दुकानदार गिऱ्हाइकाची यादी हातात घेतो आणि वरून खाली वाचत जातो. अनोळखी जिन्नस आला की थांबतो, चष्म्यावरून बघतो, विचारतो. दुसरा दुकानदार यादी वाचतच नाही. तो आपल्या फळीवरचा एकेक डबा घेतो आणि विचारतो, ‘तूरडाळ आहे का यादीत? गूळ आहे का?’ फळीवर नसलेल्या जिनसाचा उच्चार त्याच्या तोंडून होणेच शक्य नाही. यादीत ‘नाचणी’ लिहिले होते की काहीच नव्हते, त्याच्या लेखी दोन्ही सारखे.

जावास्क्रिप्टमधली बहुतेक फंक्शने दुसऱ्या दुकानदारासारखी आहेत. तारीख आणि आकडे निरनिराळ्या भाषांच्या रीतीने छापणारी ‘इंटल’ नावाची सोय त्यात आहे. तिचे मानक २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झाले. महिन्याचे नाव पूर्ण छापा, असे सांगण्यासाठी ‘मंथ’ या ऑप्शनला ‘लाँग’ हे मूल्य द्यायचे. ‘लाँग’ चुकीचे लिहिले तर फंक्शन तिथल्या तिथे अडून एरर देते. ‘मंथ’ चुकीचे लिहिले तर मात्र शांतता. मूल्यातली चूक पकडणारे फंक्शन नावातली चूक का पकडत नाही? कारण ओळखीच्या नावाच्या डब्यात काय आहे हे ते डोळ्यांत तेल घालून तपासते, पण अनोळखी नावाच्या डब्याकडे ते वळतच नाही. एकाच दस्तऐवजातली ही दोन टोके पाहिली, की मौन हा इथे विचारपूर्वक केलेला निर्णय नसून वाचनाच्या दिशेचा परिणाम आहे, असे मला वाटते.

पायथन ही भाषा मुळात पहिल्या दुकानदाराच्या बाजूची. फंक्शनने जाहीर न केलेले नाव सूचनेत आले तर ती काम सुरूच करत नाही. पण ‘जे काही येईल ते गोळा कर’ असे सांगणारी दोन फुल्यांची सोयही त्याच भाषेत आहे. ती वापरली की दाराशी असलेला पहारा उठतो. आणि जिथे तपासणी हाच धंदा, तिथेही मौन शिरू शकते, याचे उदाहरण याच भाषेत सापडते.

प्रोग्रामची चाचणी घेताना खऱ्या वस्तूच्या जागी एक तोतया उभा करतात. पायथनच्या प्रमाण संचात २०१२पासून असलेल्या त्या लायब्ररीचे नाव ‘मॉक’. या तोतयाचा गुण असा, की त्याला कोणत्याही नावाने हाक मारा, तो ‘ओ’ देतो. चाचणीच्या शेवटी त्याला विचारायचे असते, ‘तुला एकदाच बोलावले होते ना?’ पण हा प्रश्न विचारण्याचे नेमके नाव चुकले, तर तोतया त्यालाही ‘ओ’ देतो, आणि चाचणी उत्तीर्ण होते. ‘असर्ट कॉल्ड वन्स’ हे अगदी स्वाभाविक वाटणारे नाव आवृत्ती ३.६पर्यंत लायब्ररीत नव्हतेच. तरी लोक ते लिहीत, आणि ती ओळ काहीही न तपासता हिरवा दिवा दाखवी. २०१५च्या आवृत्ती ३.५मध्ये उपाय झाला. ‘असर्ट’ने सुरू होणाऱ्या अनोळखी नावाला तोतयाने ‘ओ’ देऊ नये, असे ठरले. शिवाय बोटांची अदलाबदल होऊन होणारे ‘अस्रेट’ हे रूपही त्या बंदीत घातले गेले. एका भाषेच्या प्रमाण संचात एक टंकनदोष कायमचा नोंदवला गेला. मौनाने किती जणांना फसवले असेल, याचा तो एक छोटा शिलालेखच आहे.

मौनाचे मूळ

ही सवय आळसातून आली असे म्हणून मोकळे होता येणार नाही. तिच्या मागे एक आदरणीय परंपरा आहे. इंटरनेटच्या जडणघडणीतले मोठे नाव जॉन पोस्टेल. १९८० साली त्यांनी संपादित केलेल्या टीसीपीच्या दस्तऐवजात एक तत्त्व मांडले आहे. त्याचा आशय असा : स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार राहा. ज्या काळात निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या यंत्रांवर एकाच दस्तऐवजाचे निरनिराळे अर्थ लावून प्रोग्राम लिहिले होते, त्या काळात या उदारतेवाचून संभाषण सुरूच झाले नसते.

वेबने हीच वृत्ती पुढे नेली. १९९६च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या पहिल्या मानकात वाचणाऱ्याने अनोळखी गुणधर्म सोडून द्यावा, असा स्पष्ट नियम आहे. हा नियम शहाणपणाचा आहे. पान लिहिणारा आज लिहितो. ते वाचणारा ब्राउझर कदाचित पाच वर्षांपूर्वीचा असतो. दोघांची भेट होणार नाही. नव्या सावलीची, नव्या रंगछटेची सूचना जुन्या ब्राउझरला कळली नाही म्हणून त्याने सगळे पानच नाकारले असते, तर वेब वाढले नसते. मजकूर वाचता येणे महत्त्वाचे, सावली दुय्यम. इथे मौन म्हणजे सौजन्य आहे.

पण त्याच वेबच्या पोटात या सौजन्याची गंमतही आहे. वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणारे जे शीर्षक ब्राउझर पाठवतो, त्याचे इंग्रजी नाव १९९६च्या एचटीटीपी दस्तऐवजात चुकीच्या स्पेलिंगने छापले गेले. मध्ये दोन ‘आर’ हवेत, तिथे एकच पडला. तेच आता प्रमाण आहे. उद्या कुणी शुद्धलेखनाचा आग्रह धरून बरोबर शब्द पाठवला, तर समोरचे यंत्र तो अनोळखी म्हणून सोडून देईल, आणि पाठवणाऱ्याला ते कधी कळणारही नाही. पुढे याच विषयाचे धोरण सांगणारे दुसरे शीर्षक आले, त्यात मात्र स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे एका शब्दाची दोन रूपे, एक जागा अशुद्धाची, एक शुद्धाची. आणि अदलाबदल झाली तर दोन्हीकडे शांतता.

पोस्टेल यांचे तत्त्व दूरदेशीच्या पत्रव्यवहारासाठी होते. लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांपासून स्थळाने आणि काळाने दूर असतात तेव्हा ‘काय?’ असे परत विचारण्याची सोय नसते. फंक्शनला मारलेली हाक मात्र समोरासमोरची आहे. बोलणारा तिथेच उभा असतो, उत्तराची वाट पाहत असतो. ‘हे मला कळले नाही’ असे सांगायला क्षणाचाही उशीर नको. दूरस्थ पत्राचे सौजन्य समोरासमोरच्या संभाषणात आणले, की ते सौजन्य उरत नाही. माझा मुख्य आक्षेप या स्थलांतराला आहे.

ऐकणाऱ्याच्याच पायातली बेडी

मौनाचा तोटा बोलणाऱ्याला होतो, हे उघड आहे. ऐकणाऱ्यालाही होतो, हे मला लिनक्सच्या इतिहासात दिसले.

लिनक्समध्ये फाइल उघडण्याच्या मूळ कामाचे नाव ‘ओपन’. त्याला सूचना द्यायच्या त्या एका आकड्यातल्या निरनिराळ्या बिटांनी. या सूचनांना फ्लॅग म्हणतात. कर्नलला माहीत नसलेला बिट कुणी लावला तर ‘ओपन’ त्याकडे पाहत नाही आणि फाइल उघडून देते. २००७मध्ये २.६.२३ या आवृत्तीत एक नवा फ्लॅग आला : हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला जागा देईल तेव्हा ही फाइल आपोआप बंद व्हावी. एकाची उघडी फाइल दुसऱ्याच्या हाती पडू नये, अशी ही सुरक्षिततेची सूचना. जुन्या कर्नलवर ती दिली तर फाइल उघडते, सूचना मात्र हवेत विरते. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेले प्रोग्राम फाइल उघडल्यावर पुन्हा विचारून खात्री करत, की सूचना खरोखर लागू झाली का. पोच मिळत नाही म्हणून अर्जदारानेच कचेरीत जाऊन आवक-वही उघडून पाहण्यासारखे हे आहे.

मग कर्नलने ‘अनोळखी बिट चालणार नाही’ असा नियम का केला नाही? कारण उशीर झाला होता. इतकी वर्षे कुणी हटकले नाही, तेव्हा कितीतरी जुन्या प्रोग्रामांनी कचऱ्यासारखे बिट नकळत लावलेले असू शकतात. आज नियम केला तर ते बंद पडतील, आणि चालू प्रोग्राम मोडायचा नाही हे लिनक्सचे ब्रीद. त्याच कारणाने मोकळ्या बिटाला नवा अर्थ देणेही जोखमीचे झाले. मौन म्हणजे संमती, हे आपले वचन इथे शब्दशः खरे ठरले. कर्नलने ऐकले नव्हते. पण गप्प राहून त्याने होकार दिला होता, आणि त्या होकाराला तो बांधला गेला.

पुढचा इतिहास या बेडीतून पाय सोडवण्याच्या युक्त्यांचा आहे. २०१३मध्ये ३.११ या आवृत्तीत निनावी तात्पुरती फाइल करण्याचा फ्लॅग आला, तेव्हा त्यात ‘ही डिरेक्टरी आहे’ असे सांगणारा जुना बिट मुद्दाम मिसळला गेला. डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडता येत नाही, म्हणून जुना कर्नल निदान अडखळेल आणि एरर देईल. नकार मिळवण्यासाठी नकाराची चिथावणी अर्जातच पेरून ठेवायची, असा हा प्रकार. जानेवारी २०१८मधल्या ४.१५ आवृत्तीत स्मृतीच्या वाटणीसाठी ‘तपासून घेणारी’ अशी वेगळी जात करावी लागली. जुनी जात अनोळखी बिट सोडून देत असे, नवी ते नाकारते. शेवटी मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीत अलेक्सा सराई यांनी लिहिलेले ‘ओपनअ‍ॅट-२’ हे नवे काम आले. अनोळखी फ्लॅग दिसला की ते परत पाठवते. एक शब्द ‘नाही’ म्हणता यावा, म्हणून आख्खे नवे दार बांधावे लागले.

ब्राउझरच्या जगातही अशीच एक युक्ती रूढ आहे. पानावरच्या स्पर्शाकडे किंवा स्क्रोलकडे लक्ष ठेवणाऱ्या फंक्शनला ‘पॅसिव्ह’ नावाचा ऑप्शन पुढे जोडला गेला. तो ब्राउझरला कळतो की नाही, हे ब्राउझर सांगत नाही. म्हणून प्रोग्रामर ‘पॅसिव्ह’ या नावाच्या जागी एक सापळा ठेवतात : कुणी हे नाव वाचले तर तशी नोंद होते. नोंद झाली, म्हणजे ब्राउझरला नाव माहीत आहे. पाकिटाच्या घडीत केस ठेवून पत्र कुणी उघडले का हे पाहण्याची जुनी रहस्यकथेतली युक्ती आणि ही युक्ती एकच. ज्या व्यवहारात सरळ प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तिथे माणसे हेरगिरी करू लागतात.

‘खरे’ म्हणजे एक

आतापर्यंतची उदाहरणे गैरसोयीची होती. हे उदाहरण पैशांचे आहे.

आपण ऑनलाइन पैसे भरतो तेव्हा समोरचे यंत्र खरोखर बँकेचेच आहे ना, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून तपासले जाते. प्रमाणपत्र खरे असून भागत नाही; त्यावरचे नाव आणि आपण ज्याला शोधत आहोत त्याचे नाव एकच असावे लागते. ‘कर्ल’ या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत ही नाव-तपासणी सांगणारा एक ऑप्शन आहे. त्याची मूल्ये तीन होती : शून्य म्हणजे तपासू नका, एक म्हणजे प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढे पाहा, दोन म्हणजे नाव जुळवा. सांगितले नाही तर दोन.

२०१२मध्ये मार्टिन जॉर्जिएव्ह, डॅन बोने, व्हिटाली श्मॅटिकॉव्ह आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअर प्रमाणपत्रे कशी तपासते, याचा त्यात शोध होता. त्यात नोंदवलेल्या प्रकरणांपैकी एक अ‍ॅमेझॉनच्या पैसे भरण्याच्या सेवेसाठीच्या पीएचपी लायब्ररीचे आहे. लिहिणाऱ्याने नाव-तपासणीच्या ऑप्शनला ‘ट्रू’ म्हणजे ‘खरे’ असे मूल्य दिले होते. हेतू स्वच्छ होता : तपासणी हो, कराच. पण ‘खरे’चा आकडा होतो एक. आणि एक म्हणजे कोणतेही नाव चालेल. काहीच सांगितले नसते तर दोन लागू होऊन तपासणी झाली असती. आग्रहाने सांगितले, म्हणून ती बंद पडली.

काटेकोरपणे पाहता इथे ऑप्शनचे नाव अनोळखी नव्हते, मूल्यही नियमात बसणारे होते. तरी मी हे उदाहरण याच कुळातले मानतो, कारण मूळ दोष तोच आहे : बोलणाऱ्याला जे म्हणायचे होते आणि ऐकणाऱ्याने जे घेतले, त्यांतली तफावत कुठेही उमटली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्लच्या ७.२८.१ आवृत्तीत ‘एक’ हे मूल्य दिल्यास एरर मिळू लागली आणि मूळची तपासणी तशीच राहू लागली. २०१९मध्ये ७.६६.०पासून एक आणि दोन यांचा अर्थच एक केला गेला. हा दुसरा उपाय मला अधिक सहृदय वाटतो. लायब्ररीने बोलणाऱ्याचा हेतू ओळखला आणि संशयाचा फायदा सुरक्षिततेला दिला.

मराठीचे काय?

‘इंटल’चा उल्लेख वर आला. भाषा म्हणून ‘मराठी, भारत’ असे सांगितले तर ते बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या ‘१२,३४,५६७’ अशी देवनागरी आकड्यांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह छापते. पण सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड या प्रणालीत ऑक्टोबर २०१९मधल्या तेराव्या आवृत्तीपर्यंत मूळ संचासोबत फक्त इंग्रजीची माहिती येत असे. तेव्हा मराठी मागितली तर एरर येत नसे. आकडे इंग्रजी, स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर, महिन्यांची नावे अमेरिकी इंग्रजी. मागणी नियमबद्ध होती, म्हणून ती नाकारली गेली नाही. ती पुरवता येत नव्हती, म्हणून तिच्या जागी दुसरीच भाषा वाढली गेली.

दुसरे उदाहरण डोळ्यांना रोज दिसणारे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. संगणकावर दोन्ही वळणांना एकच सांकेतिक क्रमांक आहे. कोणते वळण दाखवायचे हे मजकुराची भाषा कोणती सांगितली आहे यावर आणि फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी रूपे ठेवली आहेत का यावर ठरते. पानाने ‘भाषा : मराठी’ असे इमानाने सांगितले, पण फॉन्टमध्ये मराठीचा विभागच नाही, तर मूळ संचातले वळण मुकाट्याने दाखवले जाते; पुष्कळदा ते हिंदी असते. कुठेही सूचना नाही, तक्रार नाही. शाळेत जाणारे मूल पडद्यावर तेच वळण पाहत मोठे होते. भाषेचे एक रूप कुणी बंदी घातल्यामुळे मागे पडते, तसे ते कुणी ‘नाही’ न म्हटल्यामुळेही मागे पडू शकते. आणि दुसऱ्या प्रकारात दाद मागायला समोर कुणीच नसते. मोठ्या भाषांना ही झळ क्वचित लागते, कारण बहुतेक सगळे त्यांच्याकडेच घसरत येते. म्हणून हे मौन सर्वांना सारखे नाही.

इथे न्यायासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘इंटल’मध्ये एक प्रश्न विचारता येतो : ‘मी सांगितलेल्यापैकी तू प्रत्यक्षात काय धरलेस?’ उत्तरात ते ‘अमेरिकी इंग्रजी’ असे प्रामाणिकपणे सांगते. ही खरी पोच आहे. फक्त ती मागावी लागते, आणि मागायची असते हे माहीत असावे लागते.

बचावाची बाजू

मौनाच्या बाजूने तीन मुद्दे गंभीरपणे मांडले जातात. पहिला : नव्या लायब्ररीसाठी लिहिलेला प्रोग्राम जुन्या लायब्ररीवरही चालावा. दुसरा : सूचनांची एकच चिठ्ठी अनेक फंक्शनांमधून फिरते आणि प्रत्येक जण आपल्यापुरते उचलतो, मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या सूचनेवर आक्षेप घेतला तर कामच होणार नाही. तिसरा : काही सूचना निव्वळ सोयीच्या असतात, पाळल्या नाहीत तरी बिघडत नाही.

तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि तिन्ही एका जागी अडतात. कोणती सूचना सोडली तर चालेल, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही, कारण त्याला ती सूचना कळलेलीच नाही. जे कळले नाही, ते क्षुल्लक आहे की प्राणाचे, हे तो कशावरून ठरवणार? तो अधिकार बोलणाऱ्याचा. आणि बोलणाऱ्याला तो वापरू देणाऱ्या रचना फार पूर्वीपासून अस्तित्वात आहेत.

१ ऑक्टोबर १९९६ रोजी मानक झालेल्या पीएनजी या चित्रप्रकाराची रचना मला या बाबतीत नमुनेदार वाटते. त्या फाइलमधल्या प्रत्येक खंडाला चार इंग्रजी अक्षरांचे नाव असते. पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तर खंड अत्यावश्यक : तो समजला नाही तर वाचणाऱ्याने ते कबूल केलेच पाहिजे. छोट्या लिपीतले असेल तर पूरक : सोडून पुढे गेले तरी चालेल. म्हणजे अनोळखी नाव पाहूनही, ते अनोळखी असतानाच, त्याचे वजन कळते. लिहिणारा आणि वाचणारा वर्षानुवर्षे भेटणार नाहीत हे गृहीत धरूनही ही सोय करता आली. म्हणजे पोस्टेल यांच्या काळाची अडचण असतानाही मौन हा एकमेव मार्ग नव्हता.

ओपनएसएसएच या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरची वागणूक मुळात कडक : सेटिंगच्या फाइलमध्ये अनोळखी शब्द दिसला की ते थांबते. पण एकच फाइल अनेक यंत्रांवर वापरणाऱ्यासाठी त्यात एक ऑप्शन आहे, ज्यात ‘हे अमुक शब्द तुला कळले नाहीत तर सोडून दे’ असे नाव घेऊन सांगता येते. दुर्लक्षाची परवानगी बोलणारा देतो, तीही नावानिशी.

जीसीसी या कंपायलरचा मार्ग आणखी समंजस आहे. ‘अमुक इशारा दे’ अशी अनोळखी सूचना आली तर तो लगेच बोलतो. ‘अमुक इशारा देऊ नकोस’ अशी अनोळखी सूचना आली तर गप्प राहतो, कारण जो इशारा त्याला माहीतच नाही, तो तो देणारही नाही; सूचना आपोआप पाळली जाते. मात्र दुसऱ्या काही कारणाने त्याला तोंड उघडावे लागलेच, तर त्यासोबत तो हेही सांगतो, की तुमची ती सूचना मला कळली नव्हती. कधी गप्प बसावे आणि कधी बोलावे याचा इतका विचार माणसांच्या सभांमध्येही दुर्मीळ आहे.

टायपस्क्रिप्टने सप्टेंबर २०१५च्या १.६ आवृत्तीपासून चिठ्ठीतली अनोळखी नावे प्रोग्राम चालण्याआधीच दाखवायला सुरुवात केली. उपाय चांगला, पण अपुरा : चिठ्ठी हाकेच्या जागीच लिहिली तर तपासणी होते, तीच चिठ्ठी आधी एखाद्या नावाने ठेवून मग पाठवली, तर अनेकदा निसटते. शिवाय हा पहारा बोलणाऱ्याच्या दारात आहे. ऐकणारा अजूनही तसाच आहे.

निकष

या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक निकष काढला आहे. लायब्ररीचे परीक्षण करताना विचारावे : ही सूचना गाळून केलेले काम हे बोलणाऱ्याने मागितलेलेच काम आहे का? सावली नसलेले पान हे तेच पान आहे. नाव न जुळवता केलेली देवघेव ही ती देवघेव नव्हे. अमेरिकी इंग्रजीत छापलेली पावती ही मराठी पावती नव्हे. पहिल्या प्रकारात सोडून द्यावे, आणि काय सोडले ते विचारणाऱ्याला सांगावे. दुसऱ्या प्रकारात काम सुरू होण्याआधीच ‘नाही’ म्हणावे. आणि प्रकार कोणता हे कळत नसेल, तर तो दुसरा धरावा.

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींनीही आपल्या परंपरेकडे मागे वळून पाहिले आहे. जून २०२३मध्ये मार्टिन थॉमसन आणि डेव्हिड स्किनाझी यांचा एक दस्तऐवज त्याच आरएफसी मालिकेत प्रसिद्ध झाला, जिच्यात पोस्टेल यांचे तत्त्व ४३ वर्षांपूर्वी छापले गेले होते. चुका मुकाट्याने पोटात घालत गेल्याने त्या चुकाच पुढे प्रमाण होऊन बसतात आणि सगळी रचना हळूहळू खिळखिळी होते, असा त्याचा रोख आहे. त्यांचा उपाय उदारता सोडण्याचा नाही. रचनेची सतत देखभाल करण्याचा आहे.

फंक्शन लिहिणाऱ्याला ‘हे नाव मला माहीत नाही’ असे सांगण्यासाठी बहुधा चार-पाच ओळी लागतात. त्या ओळी लिहिण्याचा सर्वांत स्वस्त दिवस म्हणजे लायब्ररी पहिल्यांदा प्रसिद्ध होण्याआधीचा दिवस. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी कुणीतरी त्या मौनावर विसंबून काहीतरी बांधत असतो, आणि नकाराची किंमत वाढत जाते. लिनक्सला ती किंमत नवी दारे बांधून द्यावी लागली. बहुतेक लायब्ररींना तेवढे बळ नसते. त्यांचे मौन तसेच राहते, आणि त्याची किंमत भलताच कुणीतरी, भलत्याच दिवशी, का ते न कळता देतो.